जुनी गाडी मोडीत काढून नवी घेताना सरकारी सवलती कशा मिळवायच्या?

जुनी गाडी भंगारात काढली आणि नवी घेतली की सरकार पैसे देतं, असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. शोरूममध्ये गेल्यावर मात्र कोणी दोन टक्के सांगतं, कोणी पंचवीस टक्के सांगतं, कोणी ‘ती योजना बंद झाली’ म्हणून मोकळं होतं. एवढा गोंधळ होतो, कारण मुळात ही एकच एक योजना नाही. आपल्याकडे या कामासाठी सरकार कोणाच्या खात्यात थेट रक्कम जमा करत नाही. फायदा चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो: गाडी मोडणारं केंद्र भंगाराची किंमत देतं, राज्य सरकार नव्या गाडीच्या वाहन करात सूट देतं, नोंदणीची फी माफ होते आणि गाडी बनवणारी कंपनी किमतीत थोडी सवलत देते. भंगाराची किंमत सोडली तर उरलेल्या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर अवलंबून आहेत. त्याचं नाव ठेव प्रमाणपत्र, इंग्रजीत सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. शोरूममध्ये आणि आरटीओत त्याला ‘सीडी’ म्हणतात. हा कागद हातात नसेल तर तुम्ही गाडी कितीही प्रामाणिकपणे मोडीत काढलेली असो, सवलत मिळत नाही.

परदेशात असं नव्हतं, म्हणूनही गैरसमज होतो. २००९ च्या मंदीत जर्मनीने किमान नऊ वर्षं जुनी गाडी मोडून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले. त्याच वर्षी अमेरिकेने ३,५०० ते ४,५०० डॉलरची सूट दिली. त्या योजना गाड्यांचा खप वाढवण्यासाठी होत्या आणि ठरलेला निधी संपल्यावर बंद झाल्या. भारताची योजना वेगळ्या धाटणीची आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली, १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ती सुरू झाली, आणि मोडणी केंद्रांचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाले. तिच्या नावातच ‘स्वेच्छा’ हा शब्द आहे. तुमच्यावर सक्ती नाही, तिची अंतिम तारीखही नाही. तेव्हा घाई करू नका, पण क्रम चुकवू नका.

आधी ठरवा: गाडी खरंच मोडायची आहे का?

‘पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त होते’ ही भीती घालून अनेकांकडून चांगल्या गाड्या कवडीमोलाने घेतल्या जातात, म्हणून हे स्पष्ट सांगतो. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा ही दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती आहे. तिथेही तो विषय न्यायालयात गाजतो आहे. महाराष्ट्रात खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणून आपोआप बाद होत नाही. आरटीओत तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करायचं. सक्तीने बाद होतात त्या पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या. तो नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

नूतनीकरण महाग झालं आहे, हे मात्र खरं. एके काळी मोटारीला ६०० रुपये फी होती. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० करण्यात आली. दुचाकीला याच दोन टप्प्यांवर अनुक्रमे १,००० आणि २,००० रुपये लागतात. त्यात पर्यावरण कर, विमा आणि तपासणीत पास होण्यासाठी करावी लागणारी डागडुजी मिळवा. एवढा खर्च करून गाडी आणखी पाच वर्षं नीट चालणार असेल, तर ती ठेवणं चुकीचं नाही.

दुसरा प्रश्न विक्रीचा. गाडी चालती आहे, बाजारात तिला मागणी आहे, तर जुनी गाडी म्हणून विकून किंवा एक्सचेंजमध्ये देऊन बहुतेक वेळा मोडीपेक्षा जास्त पैसे मिळतात. मोडणीचा मार्ग फायद्याचा ठरतो तो अशा गाडीसाठी, जिला गिऱ्हाईक नाही, जिचं इंजिन गेलं आहे, जी अपघातात वाकली आहे, किंवा जी वर्षानुवर्षं सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात पडली आहे. आणि एक वर्ग असा आहे, ज्याला मी मोडणीच सुचवेन: ज्यांची गाडी विकली तर ती धूर ओकत आणखी दहा वर्षं कुठेतरी फिरत राहणार हे उघड आहे. जुन्या इंजिनाचं प्रदूषण नव्या गाडीच्या कितीतरी पट असतं. हे धोरण आणण्यामागचं ते एक मुख्य कारण होतं आणि ते मला मनापासून पटतं.

हिशेब कागदावर मांडा

समजा नव्या पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत आठ लाख आहे आणि खरेदी महाराष्ट्रात, व्यक्तीच्या नावावर आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर ११ टक्के, म्हणजे साधारण ८८,००० रुपये. केंद्राच्या नियमानुसार राज्यांना खासगी वाहनावर या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि परिवहन वाहनावर, म्हणजे धंद्यासाठी चालणाऱ्या गाडीवर, १५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवतं. पंचवीस टक्क्यांचा आकडा ऐकून आलेले लोक इथेच निराश होतात. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ही सूट १५ टक्के केली. आपल्या उदाहरणात ती लागू झाली तर १३,२०० रुपये वाचतात. ही सूट किमतीवर नसून करावर आहे, हे लक्षात ठेवा. आठ लाखांचे पंधरा टक्के कोणी सोडत नाही.

नोंदणी फी माफ होते, पण ती मोटारीला ६०० रुपयेच असते. त्यावर फार आशा लावू नका.

कंपनीची सवलत हा तिसरा भाग. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याबरोबरच्या बैठकीनंतर मारुती, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया, टोयोटा, होंडा अशा बहुतेक मोटार कंपन्यांनी एक्स-शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम सोडायचं मान्य केलं. अट अशी की जुनी गाडी मागच्या सहा महिन्यांत मोडलेली असावी. आठ लाखांवर दीड टक्का म्हणजे १२,००० रुपये. ही घोषणा मोटारींसाठी वर्षभराची होती आणि त्यानंतर प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्यामुळे बुकिंगच्या दिवशी सवलत चालू आहे का, कोणत्या मॉडेलवर आहे आणि एक्सचेंज बोनसबरोबर मिळते का, हे डीलरकडून लेखी घ्या. बहुधा दोन्ही एकत्र मिळत नाहीत. गाडी मोडली म्हणजे ती एक्सचेंजला दिली असं होत नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो.

उरली भंगाराची किंमत. धोरण जाहीर करताना नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असा अंदाज सांगितला गेला होता. प्रत्यक्षात केंद्रं गाडीचं वजन, लोखंडाचा चालू भाव आणि गाडीचे कोणते भाग जागेवर आहेत हे पाहून दर काढतात. लहान मोटारीला त्या अंदाजाएवढी रक्कम मिळेलच असं नाही. दोन-तीन केंद्रांना विचारा, आणि टोइंगचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, हे पहिल्याच फोनवर विचारा. बॅटरी, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा टायर आधीच काढून विकले असतील तर दर खाली येतो.

आता बेरीज करा. भंगार सोडून २५,८०० रुपये झाले. त्यात भंगाराची किंमत मिळवा आणि ती एकूण रक्कम जुन्या गाडीला बाजारात येणाऱ्या भावाशी ताडून पाहा. बाजारभाव जास्त असेल तर गाडी विका. भाव जवळपास सारखाच असेल तर मी मोडणीकडे झुकेन, कारण विकलेल्या गाडीच्या नावनोंदणीचं लचांड मागे राहत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. तिला नोंदणी फी आधीच माफ आहे आणि महाराष्ट्रात वाहन करातूनही सूट आहे. जिथे करच नाही तिथे करातली सूट कुठून येणार? अशा वेळी प्रमाणपत्राचा उपयोग फक्त कंपनीच्या सवलतीपुरता राहतो.

कागदपत्रं: वेळ इथेच जातो

मोडणी केंद्रावर गाडी अर्ध्या दिवसात उतरवून घेतात. त्याआधीची कागदांची तयारी मात्र काही आठवडे खाऊ शकते, म्हणून नवी गाडी बघायला सुरुवात कराल त्याच दिवशी जुन्या गाडीची आरसी बाहेर काढा.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते कर्जाच्या नोंदीवर. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, कारण हप्ते संपले की नाव आपोआप जातं असं वाटलेलं असतं. ते जात नाही. बँकेची नोंद, म्हणजे हायपोथिकेशन, असलेली गाडी मोडता येत नाही. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन परिवहन पोर्टलवर अर्ज करायचा आणि आरटीओतून नोंद काढून घ्यायची. तुमच्याकडे जुनं ना हरकत पत्र असलं तरी ते चालतं का हे आधी विचारा, बहुधा ताजं मागतात. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेकडून मिळतं, आणि जुनी खाती शोधायला त्यांना वेळ लागतो. मागे लागा, पण शाखेत स्वतः जाऊन, कर्ज खात्याचा क्रमांक घेऊन.

दुसरी अडचण मालकीची. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील हयात नाहीत, असं घरोघरी दिसतं. मृत्यू दाखला, वारसांचे कागद आणि इतर वारसांची संमती लागते. सवलत कोणाच्या नावाने मिळणार हेही त्यावरच ठरतं. नवी गाडी ज्याच्या नावावर घ्यायची, जुनी गाडी आधी त्याच्या नावावर करणं शक्य असेल तर पुढचं काम सोपं होतं.

तिसरं, थकबाकी. ई-चलान आणि वाहन कर दोन्ही ऑनलाइन तपासा. गाडी चोरीला गेल्याची किंवा गुन्ह्यात अडकल्याची नोंद असेल तर केंद्र ती घेऊच शकत नाही, कारण गाडी घेण्याआधी राष्ट्रीय गुन्हे नोंदीत तिची पडताळणी करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. जुनी फिर्याद मिटलेली असूनही नोंद तशीच राहिली असेल तर पोलीस ठाण्यातून ती बंद करून घ्या.

बाकी साधं आहे: मूळ आरसी, आधार, पॅन, पैसे जमा व्हायचे त्या खात्याचा रद्द केलेला धनादेश. स्वतः जाणार नसाल तर अधिकारपत्र. आरसी हरवली असेल तर काय लागेल ते केंद्राला आधी विचारून घ्या.

नोंदणीची मुदत संपलेली गाडीही मोडायला चालते. मोडण्यासाठी म्हणून आधी पाच हजार भरून नूतनीकरण करून घ्या, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मात्र कर सवलतीला गाडीच्या वयाची चौकट आहे, आणि खासगी व परिवहन वाहनांसाठी ती वेगळी आहे. तुमची गाडी त्यात बसते का, हे आरसी दाखवून आरटीओत विचारा, आणि ते गाडी केंद्रावर नेण्याच्या आधी.

केंद्र नोंदणीकृतच हवं

गल्लीतला भंगारवाला दोन हजार जास्त देईल. तरी त्याला गाडी देऊ नका. हे मी फक्त सवलतीसाठी सांगत नाही. त्याच्याकडे दिलेली गाडी सरकारी नोंदीत तुमच्याच नावावर जिवंत राहते. तिचा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर चढला, ती कुठल्या गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस आरसीवरच्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्या दारात येतात. शिवाय इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, बॅटरीतलं आम्ल, एसीचा वायू हे सगळं गल्लीत उघड्यावर सोडलं जातं आणि ते काम करणाऱ्या पोरांच्या हाताला नि छातीला लागतं. नोंदणीकृत केंद्रात हे द्रव आणि वायू आधी काढून घ्यावे लागतात, मगच पत्रा कापतात.

नोंदणीकृत केंद्रांची राज्यवार यादी केंद्रीय परिवहन खात्याच्या पोर्टलवर आहे. तिथूनच गाडी मोडण्यासाठी ऑनलाइन अर्जही करता येतो. टाटा मोटर्स, महिंद्रा समूह, मारुती-टोयोत्सू यांच्यासारख्या मोठ्या नावांची केंद्रं आहेत, तशी स्थानिक उद्योजकांचीही आहेत. पाटीवर नाव कोणाचं आहे यापेक्षा यादीत ते केंद्र आहे का, एवढंच पाहा. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असली तरी देशातल्या कोणत्याही नोंदणीकृत केंद्रात ती मोडता येते. सीमेजवळ राहणाऱ्यांना याचा उपयोग होईल.

गाडी सोपवण्याचा दिवस

जाण्याआधी गाडीतला प्रत्येक कप्पा रिकामा करा, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतो का पाहा. गंजामुळे नंबर वाचता येत नसेल तर तसं केंद्राला आधीच सांगा. ठरलेला दर लेखी असू द्या. पैसे बँक खात्यातच घ्या, रोखीत नको.

गाडी ताब्यात घेतल्यावर केंद्र तुम्हाला ठेव प्रमाणपत्र देतं. ते ‘वाहन’ या सरकारी नोंदणी पोर्टलवरून डिजिटल निघतं. त्यावरचं नाव, गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि वाहनाचा प्रकार तिथेच उभं राहून तपासा. नावातल्या स्पेलिंगची चूक नंतर दुरुस्त करायला फार फिरावं लागतं. मुदतीची तारीख लगेच लिहून ठेवा, ती उलटली की कागद निरुपयोगी. गाडी प्रत्यक्ष कापून झाल्यावर दुसरं, मोडणी प्रमाणपत्र निघतं. तेही मागून घ्या, कारण गाडी संपल्याचा पुरावा तोच आहे. काही दिवसांनी परिवहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी रद्द झाल्याचं स्वतः पाहा. तसं दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

केंद्र चालवणारा किंवा एखादा एजंट ‘प्रमाणपत्र तुम्हाला काय कामाचं, आम्हालाच द्या, हजार रुपये वाढवून देतो’ असं म्हणू शकतो. नवी गाडी घ्यायचीच नसेल तर प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर करता येतं आणि त्याच्या खरेदी-विक्रीसाठी अधिकृत ऑनलाइन व्यवस्थाही आहे. त्यामुळे ते विकण्यात गैर काही नाही. पण वर केलेला हिशेब आठवा. तेरा हजारांची कर सवलत देणारा कागद हजार रुपयांत देऊ नका.

नवी गाडी घेताना

प्रमाणपत्र आधी, नव्या गाडीची नोंदणी नंतर. हा क्रम उलटला की करातली सूट हातची गेली, कारण कर नोंदणीच्या वेळीच भरला जातो. डिलिव्हरीची तारीख मुहूर्तावर ठरली असेल तर जुन्या गाडीचं काम त्याच्या किमान महिनाभर आधी उरकलेलं असू द्या.

बुकिंग करतानाच सेल्समनला प्रमाणपत्राची प्रत द्या आणि ऑन-रोड किमतीचं कोटेशन पुन्हा बनवून मागा. त्यात वाहन कर, नोंदणी फी आणि कंपनीची सवलत या तीन ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ‘सगळं धरून पंचवीस हजार कमी केले’ असं एकत्र सांगितलं तर मान्य करू नका. शोरूमची नेहमीची सूटच सरकारी सवलतीच्या नावाखाली दाखवली जाते आहे की काय, हे वेगळ्या ओळींशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात ज्या प्रकारचं वाहन मोडलं त्याच प्रकारच्या नव्या वाहनावर कर सवलत मिळते. स्कूटर मोडून मोटारीच्या करात सूट मागता येत नाही. प्रमाणपत्र एकदा वापरलं की वाहन पोर्टलवर ते रद्द होतं, म्हणून घरात दोन गाड्या घ्यायच्या असतील तर कर जास्त असलेल्या गाडीसाठी ते वापरा.

नोंदणी झाल्यावर कराची पावती मागून घ्या आणि त्यात सूट खरोखर उतरली आहे का ते पाहा. उतरली नसेल तर त्याच आठवड्यात डीलरला लेखी कळवा.

जुन्या गाडीच्या विम्याचं काम लोक हमखास विसरतात. मोडणी प्रमाणपत्र दाखवून पॉलिसी रद्द करा. पण त्याच वेळी, तुम्ही दावा न केलेल्या वर्षांचा बोनस राखून ठेवल्याचं पत्र विमा कंपनीकडून मागा. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात लागू होतो. हे पत्र तीन वर्षं चालतं. काही जणांना यातून कर सवलतीच्या जवळपास जाणारी रक्कम वाचते, आणि त्याबद्दल शोरूममध्ये कोणी आपणहून बोलत नाही. फास्टॅगही बंद करून अनामत परत घ्या. जुना टॅग काढून नव्या गाडीच्या काचेवर चिकटवता येत नाही, कारण तो एकाच गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो.